पेटीतली हवा

लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडे साउंड ठरवायला आलेला नवरदेवाचा मामा पहिला प्रश्न वॅटचा विचारतो. एका साउंडवाल्याने दहा हजार म्हटले तर नुसती मान हलवतो, दुसऱ्याने वीस हजार म्हटले की त्याला सुपारी देऊन मोकळा होतो. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज, असा हा सरळ हिशेब. प्रत्यक्षात दहाचे वीस हजार केले तर आवाज वाढतो तो 3 डेसिबलने, आणि नाचणाऱ्याला तेवढा फरक ‘जरा वाढवला वाटतं’ इतपतच जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात आणि 10 डेसिबलसाठी वॅट दहापट करावे लागतात. मामांना खरोखर दुप्पट हवे असेल तर दहा हजारांचे एक लाख करावे लागतील आणि त्याला पुरेल असा जनरेटर वरातीमागून ओढावा लागेल.

एका गाडीचा बेस छातीत बसतो आणि तेवढेच वॅट सांगणाऱ्या दुसऱ्या गाडीचा नुसता गोंगाट होतो, हे खान्देशातल्या कुठल्याही पोराला अनुभवाने ठाऊक असते. हा फरक बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरचा नसतो. गाडीवर रचलेल्या काळ्या पेट्या किती आहेत, केवढ्या आहेत आणि कशा बांधल्या आहेत, यावर तो ठरतो.

पेट्या येण्याआधी गावोगाव कर्णे होते. सभा असो, सप्ताह असो की जत्रेतला तमाशा, कडुनिंबाच्या फांदीला ॲल्युमिनियमचा कर्णा बांधला जाई आणि खाली टेबलावर बहुधा अहुजाचा ॲम्प्लिफायर असे. तीस-चाळीस वॅटवर चालणारा तो संच रात्री शेतांपलीकडच्या वस्तीपर्यंत ऐकू जाई. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. घरातल्या साध्या स्पीकरची ती 86 ते 90 भरते, कर्ण्याची 105 ते 110. वीस डेसिबलचा हा फरक म्हणजे शंभरपट वॅटचा फरक. एवढी कमाई करूनही कर्ण्यातून बेस मात्र येत नसे. त्याचे तोंड जेमतेम अर्धा मीटर. दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे सूर एवढ्या तोंडातून धड बाहेर पडत नाहीत. तमाशातल्या ढोलकीचा चढा आवाज मळ्यातल्या माणसाला स्पष्ट ऐकू येई, तिच्या डाव्या अंगाचा घुमारा मात्र तंबूतल्या माणसालाच मिळे.

याचे कारण लाटेच्या लांबीत आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. हजार हर्ट्झच्या शिट्टीची एक लाट फुटाहून थोडी मोठी असते. 50 हर्ट्झच्या ठोक्याची लाट जवळजवळ सात मीटर, म्हणजे मिरवणुकीच्या टेम्पोहून लांब. एवढी मोठी लाट उठवायची तर पुष्कळ हवा एकदम ढकलावी लागते. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत एकाही वॅटशिवाय हे काम होते. तिथल्या ढोलांचे कातडेच एवढे मोठे की एका टिपरीत भरपूर हवा हलते. स्पीकरला हेच करायचे असते, फक्त कातड्याच्या जागी कागदी कोन आणि टिपरीच्या जागी तांब्याची कॉइल.

अठरा इंची स्पीकरच्या कोनाचे क्षेत्रफळ साधारण 1200 चौरस सेंटिमीटर असते. बंद पेटीत बसवून, जमिनीवर ठेवून, कोन पुढे-मागे प्रत्येकी एक सेंटिमीटर हलवला तर 80 हर्ट्झला एक मीटरवर सुमारे 126 डेसिबल मिळतात. तेवढ्याच हालचालीत 40 हर्ट्झला मिळतात 114. सूर एका सप्तकाने खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटले, तर कोन चौपट हलवावा लागतो. दहा मिलिमीटरचे चाळीस मिलिमीटर. तेवढे हलणारे स्पीकर जवळपास नसतातच. कोनाची धाव संपली की पुढचे वॅट आवाजात उतरत नाहीत, कॉइल तापवत बसतात.

कॉइल तापणे ही तर रोजची गोष्ट. 96 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम अडीच टक्के आवाजात बदलतो. हजार वॅट दिले तर पंचवीस वॅट आवाज आणि बाकी 975 वॅट उष्णता. कपड्यांच्या एका इस्त्रीची सगळी धग चार इंच व्यासाच्या तांब्याच्या वेटोळ्यात कोंडल्यासारखे होते. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के. कॉइल 200 अंशांनी तापली तर विरोध पावणेदोन पटींवर जातो, ॲम्प्लिफायरकडून ती कमी वीज खेचते आणि आवाज अडीच डेसिबलने बसतो. वरात दारातून निघताना जो बेस दणकत होता तो तासाभराने मवाळ वाटू लागतो, तो असा. मग ऑपरेटर मिक्सरची बटणे वर सरकवतो, कॉइल आणखी तापते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या 44 अंशांत आधीच भाजलेली पेटी शेवटी गप्प होते.

जळलेला स्पीकर रिपेअरिंगच्या दुकानात आला की कारागीर मीटर लावण्याआधी दोन्ही हातांची बोटे कोनावर पसरून तो सारख्या दाबाने आत ढकलतो. आतून खरखर आली तर कॉइल वेडीवाकडी होऊन चुंबकाच्या फटीत घासते आहे. मग पात्याने डस्ट कॅप कापली जाते, जळक्या व्हार्निशचा वास येतो, काळे पडलेले वेटोळे हातात येते. फट साफ करून नवी कॉइल उतरवताना ती चहूबाजूंनी समान अंतरावर राहावी म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या तिच्याभोवती खोचतात, कॉइलला मधोमध धरणारा स्पायडर आणि कोन चिकटवतात, गोंद सुकल्यावर पट्ट्या ओढून काढतात. कागदाच्या जाडीएवढी चूकही इथे चालत नाही. कामाचा दर्जा कारागिराच्या बोटांवर असतो, आणि ती बोटे चांगली असली तर स्पीकर आणखी एक लग्नसराई काढतो.

आता पेटीकडे. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर तो चिरका, पोकळ वाजतो. तोच स्पीकर भोक पाडलेल्या प्लायच्या फळीमागे दाबून धरला की लगेच बेस येतो. वीज तीच, कोन तोच. कोन पुढे जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची त्याच क्षणी विरळ होते. मध्ये आडोसा नसला तर पुढचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून काढतो आणि हिशेब शून्यावर येतो. चढ्या सुरांच्या लहान लाटांना वळसा घालायला सवड मिळत नाही, बेसच्या लांबलचक लाटेला ती पुरेपूर मिळते. म्हणजे पेटीचे पहिले काम पुढच्या आणि मागच्या हवेची गाठ पडू न देणे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये 1925 साली आजच्या धाटणीचा फिरत्या कॉइलचा स्पीकर मांडला तेव्हाच त्यांना हे उमगले होते.

मागची हवा कायमची कोंडली की झाली बंद पेटी. अमेरिकेत एडगर व्हिल्चर याने 1954 मध्ये लहानशा बंद पेटीतून खोल बेस काढून दाखवला. त्याने कोनाची लवचीक कड मुद्दाम ढिली ठेवली आणि कोनाला परत खेचण्याचे काम आतल्या कोंडलेल्या हवेवर सोपवले. अशा पेटीचा बेस स्वच्छ, आटोपशीर असतो, पण तिची वॅटची भूक मोठी. घरात चालते. बाराशे माणसांच्या वरातीत ती उभी राहत नाही.

मागचा आवाज वाया घालवायचाच कशाला, हा विचार बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरासने त्याआधीच केला होता. त्याचे पेटंट 1932 चे. पेटीला मोजून-मापून एक तोंड ठेवायचे, ज्याला आज सगळे पोर्ट म्हणतात. पोर्टमधली हवा वजन होते, पेटीतली हवा स्प्रिंग, आणि दोघी मिळून एका ठरावीक सुराला झोके घेतात. सुमारे 180 लिटरची पेटी, 400 चौरस सेंटिमीटरचे तोंड आणि पाव मीटर खोलीचा मार्ग एवढे जमले की ती जोडी 40 हर्ट्झच्या आसपास बोलू लागते. हे डोळ्यांनी पाहता येते. मोबाइलवरून स्पीकरला बारीक आवाजात शुद्ध सूर द्यायचा आणि 80 हर्ट्झपासून खाली आणायचा. कोनाचा थरथराट आधी वाढतो, आणि पोर्टचा सूर आला की कोन जवळजवळ स्थिर होतो. आवाज मात्र चालूच. पोर्टसमोर हात धरला की तळव्याला वारा लागतो. बेस आता कोन काढत नाही, वारा काढतो. सूर आणखी खाली नेला की कोन एकदम बेफाम हलू लागतो, कारण आता त्याला अडवायला पेटीतली हवा उरलेली नसते. म्हणून जाणते साउंडवाले 30-35 हर्ट्झच्या खालचे सगळे सूर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरमध्येच कापून टाकतात. जे कापत नाहीत त्यांचे कोन फाटतात.

गंमत म्हणजे पेटीचा सूर हवामानाने हलतो. थंडीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 335 मीटर असतो, मे महिन्याच्या दुपारी तोच 358. डिसेंबरच्या पहाटे 40 हर्ट्झला बोलणारी पेटी मे महिन्यात तीनेक हर्ट्झ वर बोलते. कोणाच्या कानाला ते कळत नाही, पण आहे हे खरे.

खरी चूक होते ती मापांच्या नकलेत. जळगाव-धुळ्याच्या भागातही गावातला सुतार आणि साउंडवाला मिळून परदेशी पेटीची मापे उतरवून घेतात, 18 मिलिमीटरच्या प्लायमध्ये पेटी उत्तम बांधतात, सांधे फेव्हिकॉलने बुजवतात, आत आडव्या पट्ट्या ठोकतात. काम देखणे होते. मग तिच्यात स्पीकर बसतो तो दुसऱ्याच जातीचा, परवडणारा. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील याने 1961 मध्ये आणि त्याच्यामागून रिचर्ड स्मॉल याने 1970 च्या दशकात स्पीकरच्या मोजक्या आकड्यांवरून त्याला कोणती पेटी लागेल हे काढायचे गणित बांधून दिले. तेच आकडे आज स्पीकरसोबतच्या कागदावर छापून येतात आणि तो कागद खोक्याबरोबर फेकला जातो. पेटी आणि स्पीकर जुळले नाहीत तर साठ-सत्तर हर्ट्झच्या एखाद्या सुराला बेस फुगतो आणि अहिराणी गाणे असो की हिंदी, प्रत्येक ठोका एकाच सुरात ‘धम्म’ होतो. ऐकणारे म्हणतात, बेस घुमतो पण मारत नाही. शास्त्राच्या भाषेत याहून नेमके सांगता येणार नाही.

हॉफमन नावाच्या अमेरिकी अभियंत्याचा एक नियम या धंद्यात लोखंडी नियम म्हणून ओळखला जातो. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. टेम्पोवर पेट्या एवढ्या मोठ्या का, याचे उत्तर त्यात आहे. बाजारात हातात मावणाऱ्या डब्यावर ‘2000 वॅट पीएमपीओ’ छापलेले असते त्याकडे कसे पाहायचे, तेही त्यातच आहे. पीएमपीओला कुठलेही ठरलेले मोजमाप नाही. डब्यासोबतचा ॲडॉप्टर 12 व्होल्ट आणि 2 ॲम्पियरचा असेल तर आत जाणारी वीजच 24 वॅट, मग बाहेर सतत दोन हजार निघणार कुठून?

म्हणून ॲम्प्लिफायरला काही किंमतच नाही असे नव्हे. बेसचा ठोका क्षणभराचा असतो आणि त्या क्षणी लागणारी वीज सरासरीच्या कितीतरी पट असते. तेवढी ताकद शिल्लक नसली की लाटेचा माथा छाटला जातो, लाल दिवा लागतो, ‘क्लिप मारला’ असे म्हणतात. पूर्ण छाटून चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वीज असते. छोटा ॲम्प्लिफायरही मोठी कॉइल जाळू शकतो तो यामुळे. त्यात गावाकडे 230 व्होल्टच्या जागी 190 मिळाले तर जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची ताकद दोन तृतीयांशावर येते. हा तोटा पावणेदोन डेसिबलचाच, पण क्लिपिंग तेवढे लवकर सुरू होते. वायरचा चोरटा खर्च तर कोणी मोजतच नाही. 8 ओहमच्या चार पेट्या समांतर जोडल्या की 2 ओहम होतात. त्यांना 20 मीटर लांबीची दीड चौरस मिलिमीटरची वायर लावली तर जाऊन-येऊन 40 मीटर तांब्याचा विरोध जवळपास अर्धा ओहम भरतो, आणि ॲम्प्लिफायरने दिलेल्या विजेतला सुमारे पाचवा हिस्सा वायर तापवण्यात जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर हा हिस्सा आठ टक्क्यांवर येतो. वायरचे पैसे वाचवून नवा ॲम्प्लिफायर घेणारे तरीही कमी नाहीत.

आता मामांच्या हिशेबाकडे वळू. जादा पैसे खर्चायचेच असतील तर ते पेट्यांवर खर्चणे केव्हाही शहाणपणाचे. एका पेटीशेजारी तशीच दुसरी चिकटवून ठेवली आणि तिलाही तेवढीच वीज दिली तर बेस 3 नव्हे, 6 डेसिबलने वाढतो. तीन वाढीव विजेचे आणि तीन फुकटचे, कारण सात मीटरच्या लाटेला या दोन पेट्या मिळून एकच मोठा कोन वाटतात. चार पेट्या एकत्र आल्या की एकीपेक्षा 12 डेसिबल जास्त. अट एवढीच की त्या एकमेकींना लागून हव्यात. दोन डावीकडे, दोन उजवीकडे असे शोभेसाठी विभागले तर मधल्या पट्ट्यात बेस फुगतो आणि चार पावले बाजूला गायब होतो. भोंग्याच्या आकाराच्या पेट्यांना तर गर्दी करूनच काम करावे लागते. 40 हर्ट्झसाठी भोंग्याच्या तोंडाचा घेर साडेआठ मीटरच्या आसपास लागतो. एकट्या पेटीला ते शक्य नाही, पण एकावर एक रचलेल्या पेट्यांची तोंडे जुळून मोठे तोंड तयार होते.

जागाही बेसमध्ये हात घालते. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी मोकळ्यावर उभ्या असलेल्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. धुळ्याच्या गल्ल्यांत तसे होत नाही. 1818 नंतर इंग्रजी अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात नवी पेठ आखली, आणि सरळ, समांतर गल्ल्या ही या शहराची ओळख झाली. दोन भिंतींच्या मध्ये सापडलेला आवाज पसरायला जागा शोधत गल्लीतूनच पुढे सरकतो आणि अंतर दुप्पट झाले तरी फार तर तीन-चार डेसिबल उतरतो. साडेतीन मीटर रुंदीच्या बोळात तर 50 हर्ट्झची अर्धी लाट भिंतींच्या मध्ये नेमकी बसते. मग भिंतीजवळ बेस सर्वांत जोरात आणि मधोमध सर्वांत कमी. नाचणारी पोरे मध्ये ओरडत असतात, ‘बेस वाढव!’ आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या आजीच्या घरातली भांडी वाजत असतात.

कानाचा स्वभावही बेसवाल्यांना उधळपट्टी करायला लावतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो. आजच्या मानकाप्रमाणे हजार हर्ट्झचा 40 डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढा 50 हर्ट्झचा वाटायला सुमारे 78 डेसिबल लागतात. आवाज मोठा होत जातो तशी ही तफावत कमी होते, म्हणून जोरात लावलेल्या गाण्यात बेस जास्त भरल्यासारखा वाटतो. ध्वनिप्रदूषणाचे मीटर कानाच्या याच स्वभावावर बेतलेले आहे. 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, सार्वजनिक ठिकाणच्या ध्वनिक्षेपकाला हद्दीवर फार तर 75, आणि रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. सण-उत्सवाच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार ती मध्यरात्रीपर्यंत सैल करू शकते. हे सगळे आकडे ‘ए’ मापातले. या मापात 50 हर्ट्झच्या सुरातून 30 डेसिबल वजा होतात. नुसता 50 हर्ट्झचा 105 डेसिबलचा ठोका मीटरवर 75 दिसतो. भिंती आणि बंद खिडक्याही चढे सूर अडवतात आणि बेसला वाट देतात, त्यामुळे मिरवणूक तीन गल्ल्या पलीकडे गेली तरी घरात ठोका तेवढा उरतो. ‘सी’ मापात 50 हर्ट्झला दीड डेसिबलचीही सूट नाही. तक्रार बेसची असेल तर त्याच मापाने मोजायला हवे. मीटरवर ते बटण बहुधा असतेही.

नाचणाऱ्यांना बेस द्यायचा आणि मागच्या दवाखान्याला द्यायचा नाही, याचीही सोय आता आहे. तीन पेट्यांपैकी एकीचे तोंड मागे फिरवायचे, तिचा आवाज उलट्या खुणेने आणि काही मिलिसेकंद उशिराने सोडायचा. हिशेब जमला तर मागच्या बाजूला तिन्ही लाटा एकमेकींना खोडतात आणि तिथला बेस दहा-पंधरा डेसिबलने उतरतो. समोर दोन-तीन डेसिबलची घट येते. मोठ्या शहरांतल्या मैदानी कार्यक्रमांत हे आता नेहमीचे झाले आहे आणि त्यासाठी लागणारे डिजिटल प्रोसेसर टेम्पोवरच्या रॅकमध्येही दिसू लागले आहेत. अडचण वेगळीच आहे. गिऱ्हाईक पेट्या मोजते, आणि गाडीवरच्या एका पेटीची पाठ वरातीकडे दिसली की मामा विचारतात, ही बिघडली आहे का?